तुरुंग भोगलेला माणूस तुरुंग का मोडत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे : "रॉबर्ट मुगाबे यांनी ऱ्होडेशियातल्या (म्हणजे आताच्या झिंबाब्वेतल्या) गोऱ्या राजवटीत दहा वर्षं तुरुंगात काढली. लहान मुलगा वारला तेव्हा अंत्यविधीलाही जाऊ दिलं नाही. असा माणूस सत्तेवर आल्यावर स्वतः लोकांना विनाखटला कोठडीत कसा टाकतो? सत्तेने माणूस बिघडतो म्हणायचं, की तो आधीपासूनच तसा असतो? आणि हे वेळेत ओळखता येतं का?"

विसाव्या शतकातल्या आफ्रिकेचा इतिहास मी बरीच वर्षं शिकवत आले आहे आणि जवळजवळ प्रत्येक वर्गात हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. "बिघडला" आणि "तसाच होता" ही दोन्ही उत्तरं माणसाच्या मनात शिरू पाहतात. मुगाबेंच्या मनात काय होतं ते तुम्हाला-मला कळणार नाही, आणि कळलं तरी त्याने फारसं काही सुटणार नाही, कारण वेगवेगळ्या स्वभावांच्या माणसांच्या हातून पुढे तेच घडलेलं दिसतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना दुसरा प्रश्न विचारायला लावते : नव्या राज्यकर्त्याच्या हाती जुन्या राजवटीतलं नेमकं काय काय आलं, आणि त्यातलं त्याने काय टाकून दिलं नाही?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे उत्तर सगळ्या क्रांत्यांना सारखं लागू पडत नाही. रशियात १९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीनंतर झारचं गुप्त पोलीस खातं बरखास्त झालं होतं. तरी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोल्शेविकांनी 'चेका' ही स्वतःची गुप्त पोलीस संघटना उभी केली. तिथे जुनं यंत्र वारशाने मिळालं असं म्हणता येत नाही, नवं बांधलं गेलं. झिंबाब्वेचं तसं नाही. तिथे लंडनच्या लँकेस्टर हाऊसमधल्या वाटाघाटींतून डिसेंबर १९७९ मध्ये करार झाला, निवडणूक झाली आणि १८ एप्रिल १९८० ला चालू स्थितीतलं राज्य मुगाबेंच्या हाती आलं. न्यायालयं, पोलीस, कारकून, कायदे, तुरुंग, सगळं जागच्या जागी. अशा हस्तांतरित सत्तेबद्दल मी बोलते आहे.

आता त्या सामानाकडे बघू.

१९६० साली दक्षिण ऱ्होडेशियाच्या सरकारने कायदा व सुव्यवस्था राखण्याचा कायदा केला. सभा, भाषण, पत्रक, "खोटी" बातमी, सगळ्यावर पोलिसांना प्रचंड अधिकार. तो इतका टोकाचा होता की तिथल्या संघराज्याचे सरन्यायाधीश सर रॉबर्ट ट्रेडगोल्ड यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. हा माणूस क्रांतिकारक नव्हता, त्या गोऱ्या व्यवस्थेच्याच माथ्यावर बसलेला होता. १९६३ मध्ये केंद्रीय गुप्तचर संघटना स्थापन झाली, तिचे प्रमुख केन फ्लॉवर. नोव्हेंबर १९६५ मध्ये गोरे पंतप्रधान इयान स्मिथ यांनी ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर करण्याच्या काही दिवस आधी देशभर आणीबाणी लागली. तिच्याखाली सरकारला कुणालाही खटल्याविना स्थानबद्ध करता येत होतं. आणि १९७५ मध्ये, गनिमी युद्ध ऐन भरात असताना, एक संरक्षण-कायदा झाला : 'दहशतवाद' दडपण्यासाठी सद्‌भावनेने केलेल्या कृत्याबद्दल मंत्री, अधिकारी किंवा सैनिक यांच्यावर कारवाई होणार नाही.

आता १९८० नंतर यातल्या प्रत्येकाचं काय झालं ते पाहा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

गुप्तचर संघटना राहिली, आणि सुरुवातीला केन फ्लॉवरही राहिले. ज्या खात्याने मुगाबेंच्या संघटनेवर वर्षानुवर्षं पाळत ठेवली, त्याच खात्याचा प्रमुख आता मुगाबेंना अहवाल देऊ लागला. त्या वेळी जगभर याचं कौतुक झालं, सलोख्याचं लक्षण म्हणून. ते काही प्रमाणात खरंही होतं. सूड घेतला गेला नाही, यादवी पेटली नाही. पण माणसांना माफ करणं आणि यंत्र जपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या गडबडीत दुसरीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. राज्य सुरक्षेची जबाबदारी एमर्सन म्नांगाग्वा यांच्याकडे आली. रेल्वेचं इंजिन उडवल्याबद्दल त्यांना १९६५ मध्ये पकडलं होतं, फाशी वयाच्या मुद्द्यावर टळली होती. त्या यंत्राची धार त्यांना अंगावरून ठाऊक होती.

आणीबाणीही उठली नाही. दर सहा महिन्यांनी संसद तिला मुदतवाढ देत राहिली, थेट जुलै १९९० पर्यंत. म्हणजे १९६५ पासून जवळजवळ पंचवीस वर्षं, त्यातली शेवटची दहा स्वतंत्र झिंबाब्वेची.

संरक्षण-कायद्याची गोष्ट तर विद्यार्थ्यांना सांगितली की वर्ग गप्प होतो. ऑगस्ट १९८० मध्ये झालेल्या एका गोऱ्या शेतकऱ्याच्या खुनाबद्दल नव्या सरकारातले मंत्री एडगर टेकेरे यांच्यावर खटला उभा राहिला. टेकेरे म्हणजे १९७५ मध्ये मुगाबेंबरोबर सीमा ओलांडून मोझांबिकला गेलेले सहकारी. त्यांच्या वकिलांनी आधार घेतला तो १९७५ च्या त्याच कायद्याचा : मंत्र्याने सद्‌भावनेने दहशतवाद दडपण्यासाठी केलेलं कृत्य. न्यायाधीशांचं मत वेगळं होतं, पण निकालात मत असलेल्या, बरोबर बसलेल्या दोन असेसरांच्या (साहाय्यकांच्या) बहुमताने टेकेरे सुटले. स्मिथ यांनी स्वतःच्या फौजेला वाचवायला केलेल्या कायद्याने क्रांतिकारक मंत्री वाचला. नंतर तो कायदा रद्द झाला खरा, पण १९८२ मध्ये आणीबाणीच्या नियमांखाली सुरक्षा दलांना तशाच प्रकारचं संरक्षण पुन्हा दिलं गेलं.

वर्गात मी एक प्रयोग करते. स्थानबद्धतेचे आणि संचारबंदीचे दोन आदेश, एक १९७० च्या दशकातला आणि एक १९८० च्या दशकातला, तारखा आणि नावं काढून समोर ठेवते आणि कुठला कुणाचा ते ओळखायला सांगते. विद्यार्थी भाषेवरून ओळखू बघतात आणि फसतात, कारण भाषा तीच असते. मसुदा करणारं खातं तेच, साचा तोच, नियमांचे क्रमांकही पुष्कळदा तेच. नव्या मंत्र्याला दडपशाही शोधून काढावी लागत नाही. अडचण आली की फाइल समोर येते, तिच्यात आधीच्या सहीखाली नव्या सहीची जागा असते.

आता भीतीबद्दल, कारण ती वगळली तर मी मुगाबेंवर अन्याय करीन. धोका खोटा नव्हता. दक्षिण आफ्रिकेतलं वर्णद्वेषी सरकार शेजारी बसून घातपात करत होतं. १९८१ मध्ये इंकोमो छावणीतला दारूगोळा उडाला, त्याच वर्षी डिसेंबरात राजधानीत पक्षाच्या मुख्यालयात स्फोट झाला, आणि जुलै १९८२ मध्ये थॉर्नहिल हवाई तळावरची लढाऊ विमानं नष्ट झाली. देशाच्या पश्चिमेकडच्या माटाबेलेलँडमध्ये सैन्यातून फुटलेले सशस्त्र बंडखोर फिरत होते, त्यांनी माणसं मारली, परदेशी पर्यटक पळवले. अशा वेळी "आणीबाणी का उठवत नाही?" असं विचारणाऱ्याला मंत्री काय उत्तर देतील ते सांगायला नको. स्मिथ यांचं उत्तरही तेच होतं, आणि त्यांच्याही समोर खरे बंदूकधारी होते. धोका खरा असला की हाती असलेलं हत्यार उचललं जातं. मग ते कुणावर रोखायचं हे हत्यार ज्याच्या हाती आहे तो ठरवतो.

ते रोखलं गेलं जोशुआ न्कोमो यांच्या झापू पक्षावर. दोन्ही पक्ष गोऱ्यांविरुद्ध लढलेले. फेब्रुवारी १९८२ मध्ये झापूशी संबंधित शेतांवर शस्त्रसाठे सापडल्याचं जाहीर झालं आणि न्कोमोंना मंत्रिमंडळातून काढलं. त्यांच्या सेनेचे दोन मोठे नेते, डुमिसो डाबेंग्वा आणि लुकआउट मासुकू, पकडले गेले. मासुकू तेव्हा राष्ट्रीय सैन्याचे उपप्रमुख होते. १९८३ मध्ये राजद्रोहाचा खटला चालला आणि न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. सरकारने त्यांना लगेच आणीबाणीच्या अधिकारांखाली पुन्हा स्थानबद्ध केलं. हा एक प्रसंग नीट समजून घेतला तर बाकी सगळं समजतं. न्यायालय स्वतंत्र होतं, त्याने आपलं काम केलं. पण शेजारीच न्यायालयाला वळसा घालून जाणारी वाट होती, आणि ती १९६५ पासून वापरून गुळगुळीत झालेली होती. मासुकू एप्रिल १९८६ मध्ये वारले. डाबेंग्वा त्याच वर्षाच्या अखेरीस सुटले.

गावांमध्ये जे झालं ते याहून भयंकर. जानेवारी १९८३ पासून उत्तर कोरियाकडून प्रशिक्षण घेतलेली पाचवी ब्रिगेड माटाबेलेलँडमध्ये उतरली. मारहाण, सामूहिक हत्या, जाळपोळ. मृतांचा आकडा २०,००० पर्यंत सांगितला जातो आणि मारले गेलेले बहुतेक सगळे निःशस्त्र गावकरी होते. १९८४ मध्ये दक्षिण माटाबेलेलँडमध्ये संचारबंदी लावून धान्य अडवलं गेलं, तेही दुष्काळात. बंडखोरांना अन्न मिळू नये हे कारण. स्मिथ यांच्या फौजेनेही १९७० च्या दशकात खेडुतांना कुंपणाआड 'संरक्षित गावां'त कोंडून धान्यावर नियंत्रण ठेवलं होतं, कारण तेच. आणखी एक जोड इथे दाखवायला हवी. स्मिथ यांच्या काळातले अत्याचार ज्यांनी पुराव्यांसह जगापुढे मांडले, त्या कॅथलिक न्याय व शांती आयोगानेच १९९७ मध्ये कायदेविषयक मदत करणाऱ्या एका संस्थेच्या सोबतीने माटाबेलेलँडचाही अहवाल सिद्ध केला. दोन राजवटी, साक्षीदार एकच.

इथवर वाचून वाटेल की सगळा दोष गोऱ्यांनी ठेवलेल्या सामानाचा. तसं मी म्हणत नाही. पाचवी ब्रिगेड स्मिथनी ठेवून दिलेली नव्हती, ती मुगाबेंनी उभी केली. आणि पक्षाने युद्धातूनही काही सवयी आणल्या होत्या. लपूनछपून चालणाऱ्या सशस्त्र लढ्यात मतभेद आणि फितुरी यांत फरक करायला वेळ नसतो, आणि पुढेपुढे इच्छाही उरत नाही. मार्च १९७५ मध्ये झांबियातल्या लुसाकात झानूचे (मुगाबेंच्या पक्षाचे) नेते हर्बर्ट चिटेपो बाँबने मारले गेले. त्याआधी पक्षातल्या बंडखोर सैनिकांना ठार केलं गेलं होतं. १९७७ मध्ये डावे तरुण सेनानी मोझांबिकच्या तुरुंगात गेले, १९७८ मध्ये रुगारे गुम्बो आणि हेन्री हमादझिरिपी यांच्यासारखे ज्येष्ठ नेते. त्यांना जमिनीत खणलेल्या खड्ड्यांत ठेवलं होतं, आणि स्वातंत्र्य उंबरठ्यावर आल्यावर १९८० मध्ये ते सुटले. म्हणजे विनाखटला कोठडी मुगाबेंच्या पक्षाने दोन्हीकडून शिकली होती, कैदी म्हणून आणि कोंडणारे म्हणूनही. तुमच्या प्रश्नातलं "आधीपासूनच तसा होता" हे इथे थोडं खरं ठरतं, फक्त ते एका माणसाबद्दल न म्हणता संघटनेबद्दल म्हणावं लागेल.

माणसाच्या स्वभावावर सगळं ढकलू नये याचं मला वाटतं सर्वांत ठळक उदाहरण डाबेंग्वा यांचं आहे. गोऱ्या राजवटीत तुरुंग, मुगाबेंच्या राजवटीत निर्दोष सुटूनही कोठडी. डिसेंबर १९८७ मध्ये दोन्ही पक्षांचं एकीकरण झालं आणि १९९२ मध्ये हेच डाबेंग्वा गृहमंत्री झाले. १९६० चा कायदा तेव्हाही जिवंत होता. जानेवारी १९९९ मध्ये 'द स्टँडर्ड' या साप्ताहिकाचे मार्क चावुंडुका आणि रे चोटो यांना लष्करातल्या कटाची बातमी दिल्याबद्दल पकडलं, लष्कराच्या ताब्यात त्यांचा छळ झाला, आणि आरोप ठेवला तो १९६० च्या कायद्यातल्या खोट्या बातमीच्या कलमाखाली. गृहमंत्री डाबेंग्वाच होते. मी त्यांना वाईट माणूस म्हणत नाही. पुढे २००८ मध्ये त्यांनी मुगाबेंची साथ सोडली. पण दोन राजवटींचा मार खाल्लेला माणूस त्या खुर्चीत असूनही जुना कायदा आपोआप मोडीत निघाला नाही. मोडीत काढण्यासाठी कुणीतरी मुद्दाम बसून ते काम करावं लागतं. खोट्या बातमीचं ते कलम २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं.

आपल्याकडे असं झालं नाही, असं विद्यार्थी अभिमानाने म्हणतात. मग मी त्यांना थांबवते. राजद्रोहाच्या ज्या १२४ अ कलमाखाली १९०८ मध्ये मुंबईत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ते कलम स्वतंत्र भारताच्या दंडसंहितेत २०२४ पर्यंत होतं. विनाखटला स्थानबद्धतेचा कायदा प्रजासत्ताक होऊन महिना उलटतो न उलटतो तोच, फेब्रुवारी १९५० मध्ये झाला, आणि तो मांडणारे वल्लभभाई स्वतः ब्रिटिशांचे स्थानबद्ध होते. येरवड्यात आधी गांधीजी होते, १९७५ नंतर मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली विरोधी पक्षांचे लोक. हत्यारं आपणही ठेवून घेतली. फरक पडला तो भोवतालच्या गोष्टींमुळे : काँग्रेस उघडपणे चालणारी, आत भांडणारी संघटना होती, सत्तेवर येताना तिच्यापाशी स्वतःची फौज नव्हती, आणि १९७७ मध्ये मतदारांनी सरकार बदललं तेव्हा ते खरोखर बदललं.

दक्षिण आफ्रिका मी याच्या समोर ठेवते, कारण तिथेही करारातूनच सत्ता आली आणि तिथल्याही लढ्याच्या मागे अंधारे कोपरे होते. अंगोलातल्या छावण्यांमध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने आपल्याच माणसांचा छळ केला होता. पण तिथे निवडणुकीच्या आधी, १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेतच मूलभूत हक्क लिहिले गेले आणि विनाखटला कोंडण्याला बंदी आली. कोण जिंकणार हे जवळपास ठरलेलं असतानाही जिंकणाऱ्याचे हात आधीच बांधले गेले. सप्टेंबर १९९५ मध्ये घटना न्यायालयाने अध्यक्ष मंडेलांनी काढलेले आदेश घटनाबाह्य ठरवले, आणि मंडेलांनी तो निकाल जाहीरपणे मानला. १९९८ मध्ये वर्णद्वेषी काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल मंडेलांच्या पक्षाने कोर्टात अडवायचा प्रयत्न केला, कारण त्यात छावण्यांमधल्या छळाचाही उल्लेख होता. तो फसला, आणि मंडेलांनी पक्षाची नाराजी पत्करून अहवाल स्वीकारला. मंडेलांचा स्वभाव इथे महत्त्वाचा होता हे मी नाकारत नाही. पण तो स्वभाव दिसायला असं न्यायालय आणि असा आयोग समोर असावा लागला. पुढे त्या देशात सत्तेचा गैरवापर झालाच, अगदी अध्यक्षांच्या पातळीवर, पण माणसं विनाखटला कोंडण्याचं हत्यार कुणाच्या हाताशी नव्हतं.

आता तुमचा शेवटचा भाग : हे वेळेत ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी येतं, आणि त्यासाठी नेत्याचं चरित्र वाचायची गरज पडत नाही. सत्तांतरानंतरची पहिली दोन-तीन वर्षं बघा. आणीबाणी उठली का, की मुदतवाढीचा ठराव निमूटपणे मंजूर होतोय? गुप्तचर खातं कायद्याने कुणाला उत्तरदायी आहे? न्यायालयाने सोडलेला माणूस खरोखर घरी जातो का? हा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बाकीच्यांवर भाषणं देता येतात, याच्यावर देता येत नाहीत. आणि पक्षाच्या आत युद्धकाळात ज्यांना कोंडलं, मारलं, त्यांच्याबद्दल पक्ष काही बोलतो का? झिंबाब्वेच्या बाबतीत ही चारही उत्तरं १९८३ संपेपर्यंत कुणालाही वाचता येण्याजोगी होती. जगाने मात्र मुगाबेंना त्यानंतर जवळजवळ दोन दशकं समंजस नेता मानलं, कारण जग सलोख्याच्या भाषणाकडे बघत होतं आणि माटाबेलेलँडकडे बघत नव्हतं.

नुसता नेता बदलल्याने काय होतं हेही तिथेच तपासता येतं. १९६० च्या कायद्याच्या जागी २००२ मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था व सुरक्षेचा कायदा आला, आणि मोर्चे-सभा रोखण्यासाठी पोलीस तो तसाच वापरू लागले. नोव्हेंबर २०१७ मध्ये लष्कराने मुगाबेंना पायउतार व्हायला लावलं. त्यांच्या जागी म्नांगाग्वा आले आणि त्यांच्या सरकारने २०१९ मध्ये २००२ चा कायदा काढून शांतता व सुव्यवस्था राखण्याचा नवा कायदा केला. मोर्चा काढायचा तर पोलिसांना आगाऊ कळवायचं, आणि पोलिसांनी हवं तर तो रोखायचा, ही तरतूद त्यातही आहे.